न दुखणारा दात

मच्छिंद्र टेंगले दौंडला दाताच्या दवाखान्यात गेला होता तो आईला घेऊन. कुशाबाईची वरची कवळी करायची होती. डॉक्टर लुबना इनामदार यांनी एका पत्र्याच्या साच्यात गुलाबी लगदा भरला, तो तिच्या टाळूला दाबून धरला आणि दोन मिनिटं हलू नका म्हणून सांगितलं. मच्छिंद्र शेजारीच उभा होता. वरवंडच्या चौकात त्याचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीतल्या जळालेल्या पाणबुडी मोटारीची जुनी तार काढून नवी भरायची, हे काम तो वीस वर्षं करतोय, त्यामुळे कुठलीही घट्ट होणारी वस्तू दिसली की त्याला राहवत नाही. हा लगदा कशाचा असतो, किती वेळात बसतो, कोमट पाण्यात कालवला तर लवकर बसेल का, असं त्यानं एकामागून एक विचारलं. डॉक्टरांनी सगळ्याची उत्तरं दिली. उत्तरं देताना मात्र त्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"तुमचा हा वरचा पुढचा दात कधीपासून असा आहे?" त्यांनी विचारलं.

असा म्हणजे काळपट. तो लहानपणापासूनच तसा होता. मच्छिंद्रनं सांगितलं की पोरपणी घोड्यावरून पडलो होतो, तेव्हापासून आहे. दुखत वगैरे कधीच नाही.

कुशाबाईचं माप झाल्यावर डॉक्टरांनी त्यालाच खुर्चीत बसवलं. कापसाच्या बोळ्यावर गार फवारा मारून तो बोळा त्यांनी एकेका दाताला लावला. शेजारच्या दातांना लावला की दोन सेकंदांत सणक जायची. काळपट दाताला लावला, तर काहीच नाही. मच्छिंद्रला वाटलं, नीट लागला नसेल. त्यानं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हाही काही नाही. मग एक्स-रे काढला. संगणकाच्या पडद्यावर दात उभे दिसत होते, आणि त्या एका दाताच्या मुळाच्या टोकाशी एक गोल काळा डाग होता.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं की मार लागला तेव्हाच आतली नस मेली असावी. मेलेल्या नसेच्या पोकळीत जंतू राहतात, आणि त्यांच्यामुळे मुळाच्या टोकाचं हाड हळूहळू झिजतं. हा काळा डाग म्हणजे हाड नसलेली जागा. रूट कॅनाल करून आतून साफ करावा आणि नंतर वर कॅप बसवावी, असा त्यांचा सल्ला होता.

"पण मॅडम, दुखत तर काय न्हाई."

"दुखणार कसं? दुखायला नस जिवंत लागते."

त्यानं विचार करून सांगतो म्हटलं आणि पडद्यावरच्या एक्स-रेचा मोबाईलवर फोटो काढून घेतला.

पाटसपर्यंत गाडीत त्याच्या डोक्यात तेच घोळत होतं. आपल्या तोंडात तीस-बत्तीस वर्षं एक मेलेली वस्तू आहे, तिनं आपण ऊस सोललाय, दातानं तारा तोडल्यात, आणि आपल्याला पत्ताच नाही. त्याला भीती वाटली नाही, पण हे असं कसं असू शकतं, ते काही केल्या डोक्यातून जाईना.

घरी गेल्या गेल्या त्यानं फ्रिजमधून बर्फाचा खडा काढला आणि आरशापुढे उभा राहून एकेका दाताला लावला. डॉक्टर म्हणाल्या तसंच झालं. मग त्यानं बायकोला, प्रतिभाला, बोलावलं. तिच्या पुढच्या सहाही दातांना सणक गेली. अकरावीतली मुलगी प्रगती अभ्यास सोडून आली आणि आपण होऊन तोंड उघडून बसली. तिचेही सगळे दात जिवंत निघाले. मग प्रगतीनंच त्याच्या काळ्या दातावर खडा धरून मोबाईलवर एक मिनिट मोजलं. हिरडीला गार लागलं, ओठ बधिर झाला, दात मात्र दगडासारखा होता.

कुशाबाई दारात बसून हे सगळं बघत होती.

"घोड्यावरनं न्हाई पडला तू," ती म्हणाली. "एडक्यानं मारलं तुला."

मच्छिंद्रनं खडा खाली ठेवला. त्याचे वडील, ज्ञानदेव, मेंढ्या राखायचे. दिवाळीनंतर बिऱ्हाड घोड्यावर लादून सगळे कोकणाकडे उतरायचे. शेवटची दोन-तीन वर्षं मच्छिंद्रही बरोबर होता. मग वडिलांनी मेंढरं विकली आणि शेतीत लक्ष घातलं. त्या दिवसांतलं त्याला तुटक तुटक आठवत होतं, आणि घोड्यावरून पडल्याचं तर स्पष्ट आठवत होतं असं त्याला आजवर वाटत होतं.

कुशाबाईनं सांगितलं ते असं. वरंध घाटाच्या अलीकडे मुक्काम होता. मच्छिंद्र बारा वर्षांचा होता. एडक्याच्या, म्हणजे कळपातल्या नर मेंढ्याच्या, कपाळाला हात लावून खिजवायची त्याला खोड होती, आणि बापानं त्यापायी दोनदा मारलंही होतं. त्या दिवशी एडका सरळ तोंडावर आला. दात आत, टाळूकडे वळला. ज्ञानदेव मेंढरं घेऊन पुढे गेले होते. त्यांना कळलं असतं तर पोराला आणखी मार बसला असता, म्हणून तिनं घोड्याचं सांगितलं. पुढे तेच घरात रूढ झालं आणि मच्छिंद्रच्या आठवणीतही तेच जाऊन बसलं.

"दात पार आडवा झाला व्हता," ती म्हणाली. "मी दोन बोटांनी धरला आन् वढून जाग्यावर बसवला. दिवस मावळंस्तोवर दाबून धरला. पंधरा दिस तुला निस्तं दूध आन् कण्या दिल्या. माझ्या हातानं बसवलेला दात हाय त्यो. आजवर टिकला. त्याला आता भोक कशाला पाडायचं?"

 आईनं आपल्या तोंडात बोट घालून दिवसभर बसावं आणि ते आपल्याला आजपर्यंत माहीतच नसावं, याचं मच्छिंद्रला नवल वाटत राहिलं.

प्रतिभाचा भाऊ संपत शिक्रापूरला कंपनीत कामाला आहे. त्याला फोनवर हे कळलं तेव्हा तो म्हणाला की दाताचे डॉक्टर एकदा तोंड उघडलं की चार कामं काढतात, पुढे व्हायच्या आधी शिरूरला माझ्या डॉक्टरांना दाखवा. मच्छिंद्रला तांब्याची तार आणायला शिरूरला जायचंच होतं. रविवारी तो आणि संपत गेले.

शिरूरचे डॉक्टर साठीच्या पुढचे होते, हळू बोलणारे. त्यांनी दात हलवून पाहिला, हिरडी दाबून पाहिली, मोबाईलमधला फोटो मोठा करून बराच वेळ न्याहाळला. सूज नाही, पू नाही, दात घट्ट आहे. एवढी वर्षं शांत बसलेल्या दाताला आजच हात लावायची घाई नाही, सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढू आणि डाग वाढलेला दिसला तर बघू, असं ते म्हणाले. मच्छिंद्रनं त्यांना विचारलं की दौंडच्या मॅडम करा म्हणतात, तुम्ही थांबा म्हणता, मग यातलं बरोबर कुठलं?

डॉक्टर हसले. "दोन्ही बरोबर असू शकतं. डाग आहे हे त्यांनाही दिसतं आणि मलाही दिसतं. तो चालतोय की बसलाय, हे एका फोटोवरून त्यांनाही कळत नाही आणि मलाही नाही."

संपतचं समाधान झालं. येताना तो म्हणाला, बघा, मी म्हणत नव्हतो? मच्छिंद्रचं समाधान झालं नाही. चालतोय की बसलाय, हे शब्द त्याच्या डोक्यात अडकून राहिले. त्याच्या धंद्यात वस्तू एकतर चालते नाहीतर बंद पडते. इथं बंद पडलेला दात चालत होता आणि त्याच्या टोकाशी दुसरंच काहीतरी कदाचित चालत होतं.

चार दिवसांनी ईश्वर आप्पा गडद्यांच्या विहिरीवर त्याला जावं लागलं. आप्पांची पाणबुडी चालू करताना अधूनमधून फ्यूज उडत होता. मच्छिंद्रनं पॅनेलमधून तारा सोडवल्या आणि मेगर लावला. आतल्या तारेवरचं वेष्टन किती शाबूत आहे हे मोटार विहिरीतून न काढता सांगणारं ते यंत्र. काटा तीनवर येऊन थांबला, म्हणजे फारच खाली. मोटार बाहेर काढून भरून घ्यावी लागेल, असं त्यानं सांगितलं.

"चालतीय की," आप्पा म्हणाले.

चालते आहे हे खरं, पण आतून कमजोर झाली आहे, असं मच्छिंद्र नेहमीप्रमाणे म्हणाला. हे वाक्य त्यानं हजार वेळा म्हटलं असेल. समोरचा माणूस नेहमी चालत्या मोटारीकडे बघायचा आणि मग त्याच्याकडे संशयानं बघायचा. आज पहिल्यांदा त्याला त्या माणसाच्या जागी काय वाटतं ते कळलं.

"आज न्हाई भरली तर काय हुईल?" आप्पांनी विचारलं.

"जळंल."

"कवा?"

"ते न्हाई सांगता यायचं, आप्पा. आठ दिसात जळंल, न्हाईतर दोन वर्सं बी काढंल."

आप्पांनी जरा विचार केला. मग त्यांनी विचारलं की आधी काटा किती यायचा? मच्छिंद्रला आठवलं, दोन वर्षांपूर्वी मोटार सोडताना त्यानंच पॅनेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं आकडा लिहिला होता. दोघांनी झाकण उघडून पाहिलं. पुसट अक्षरात तारीख होती आणि पुढे पन्नास लिहिलं होतं.

"पन्नासवरनं तीन व्हय? मग काढ भायेर," आप्पा म्हणाले. त्यांनी याहून जास्त काही विचारलं नाही.

मोटार ओढायला माणसं येईपर्यंत मच्छिंद्र विहिरीच्या कठड्यावर बसून राहिला. आपल्या दाताचा जुना आकडा कुठं असेल, हा विचार तिथंच त्याच्या मनात आला. आणि जवळजवळ लगेच त्याला यवत आठवलं. सहा वर्षांपूर्वी यवतजवळ त्याची मोटारसायकल घसरली होती आणि हनुवटी रस्त्यावर आपटली होती. जबडा मोडलाय का बघायला त्याला पुण्याला नेलं होतं. तिथं एक मोठी फिल्म काढली होती, या कानापासून त्या कानापर्यंतचा सगळा जबडा दाखवणारी. हाड मोडलेलं नव्हतं, म्हणून ती फिल्म पाकिटात गेली ती पुन्हा कुणी बघितली नाही.

दुपारी त्यानं घरातलं कपाट रिकामं केलं. खतांच्या पावत्या, प्रगतीचे जुने निकाल, लग्नाचा अल्बम, आणि त्याखाली ते खाकी पाकीट. त्यानं फिल्म खिडकीच्या काचेला लावली. प्रतिभा हात पुसत मागे येऊन उभी राहिली. जबड्याची दोन्ही टोकं ठळक होती, पुढचे दात जरा धूसर होते. वरचा पुढचा दात त्यांनी मिळून मोजून शोधला.

"अवं, हितं बी हाय," प्रतिभा म्हणाली.

डाग होता. पण लहान. आता प्रश्न असा होता की ही फिल्म वेगळ्या मापाची आणि मोबाईलमधला फोटो वेगळ्या मापाचा, मग लहान-मोठं ठरवायचं कसं? मच्छिंद्रनं दुकानातली स्टीलची पट्टी आणली. दाताची रुंदी तर बदलत नाही. म्हणून त्यानं दोन्हीकडे आधी दात मोजला, मग डाग मोजला आणि एकाला दुसऱ्यानं भागलं. प्रगतीनं तेच पुन्हा मोजलं. जुन्या फिल्मवर डाग दाताच्या रुंदीच्या पावपट भरत होता. नव्या फोटोत निम्म्याहून थोडा जास्त.

पुढच्या आठवड्यात कुशाबाईची कवळी घालून बघायला दौंडला जायचं होतं. मच्छिंद्रनं पाकीट बरोबर घेतलं. आईचं काम झाल्यावर त्यानं फिल्म आणि वहीच्या पानावरची मापं डॉक्टर लुबनांच्या पुढे ठेवली आणि आईनं दात कसा बसवला होता आणि शिरूरचे डॉक्टर काय म्हणाले तेही सांगून टाकलं. दुसरीकडे दाखवलं म्हणून त्यांना राग येईल अशी त्याला थोडी धास्ती होती. त्यांना राग आला नाही. त्यांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली, खुर्ची ओढून बसल्या आणि स्वतः पुन्हा मोजलं.

मग त्यांनी सावधपणे सांगितलं की या मोठ्या फिल्मवर पुढचे दात नीट येत नाहीत, कोन बदलला की मापही बदलतं, त्यामुळे तुमचा आकडा तंतोतंत धरता येणार नाही. पण इतका फरक नुसत्या कोनानं पडणार नाही. डाग वाढतोय, हळूहळू वाढतोय.

"न्हाई केलं तर काय हुईल?" मच्छिंद्रनं विचारलं.

"काही वर्षं काहीच होणार नाही, असंही होऊ शकतं. किंवा एखाद्या सकाळी ओठ सुजेल आणि पू धरेल. ती सकाळ कुठली, ते मला सांगता येणार नाही. मात्र हाड जेवढं जास्त जाईल तेवढा दात वाचवणं अवघड होईल, एवढं नक्की."

त्याला हे उत्तर आवडलं. माहीत आहे तेवढंच सांगितलं होतं. मग त्यानं कॅपचं विचारलं. शिरूरच्या डॉक्टरांनी कॅपचं नावही काढलं नव्हतं, मग ती लागतेच का? डॉक्टरांनी दात मागून-पुढून पुन्हा तपासला. हा दात कुठं किडलेला नाही, फुटलेला नाही, भोकही मागच्या बाजूनं लहानसंच पाडायचं आहे. बऱ्याच जणांना कॅप लागते म्हणून सवयीनं सांगितलं, पण या दाताची भिंत जाड निघाली तर बहुतेक लागणार नाही, उघडल्यावर ठरवू, असं त्या म्हणाल्या.

एवढं ऐकून मच्छिंद्रचं ठरल्यातच जमा होतं. तरी तो आईकडे वळला. कुशाबाई भिंतीकडेच्या बाकावर बसून सगळं ऐकत होती.

"आय, तू काय म्हनतीस?"

तिनं डॉक्टरांनाच विचारलं. "बाई, त्यो दात त्योच राहील का? का काढून दुसरा लावनार?"

"तोच राहील, आजी. मूळ त्यांचंच, दात त्यांचाच. आतला फक्त मेलेला भाग काढायचा. त्या वेळी तुम्ही तो जागेवर बसवला नसता, तर आज मला करायला काहीच उरलं नसतं. मी बसवला असता, तरी तसाच बसवला असता."

कुशाबाईनं पदर सारखा केला. "मग करा," ती म्हणाली.

मच्छिंद्रनं एकच अट घातली. आतून जे निघेल ते त्याला बघायचं होतं. डॉक्टर म्हणाल्या, बघण्यासारखं फार काही नसेल, पण दाखवते. पहिल्या दिवशी त्यांनी आधी बधिर करायची सुई न देता सुरुवात केली. दुखलं तर हात वर करा म्हणाल्या. यंत्राचा आवाज कवटीत घुमत होता, पण हात वर करायची वेळ आली नाही. मग एकदम घाण वास आला, कुजलेल्या पाण्यासारखा. डॉक्टरांनी बारीक सुईसारखी फाईल आत फिरवून बाहेर काढली आणि पांढऱ्या कापसावर पुसून त्याच्या डोळ्यांपुढे धरली. तपकिरी, ओलसर कण होते, चिमूटभरही नाहीत. बत्तीस वर्षं आत होतं ते एवढंच. त्यानं कापूस हातात घेऊन उजेडाकडे धरून पाहिला आणि परत दिला.

आत औषध भरून ठेवलं, तीन आठवड्यांनी पुन्हा साफ केलं आणि मग दात कायमचा बंद केला. भिंत जाड निघाली. कॅप लावली नाही. दुसऱ्या वेळी मात्र दोन दिवस ठणका लागला. आधी कधी न दुखणारा दात आता दुखायला लागला म्हणून संपतनं फोनवर बरंच ऐकवलं. मच्छिंद्रलाही पहिल्या रात्री चुकलं की काय असं वाटलं. त्यानं सकाळी डॉक्टरांना फोन केला. मुळाच्या पलीकडची जागा दुखते आहे, दात नव्हे, तिथल्या नसा जिवंत आहेत, गोळ्या घ्या, ओसरेल, असं त्यांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी ठणका ओसरला.

सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढला. तो त्याच यंत्रावर, त्याच कोनात काढायचा आग्रह मच्छिंद्रनंच धरला. डाग लहान झाला होता. कडा अस्पष्ट झाल्या होत्या आणि काळ्यात करड्या रेषा आल्या होत्या. ते नवं हाड. शिरूरच्या डॉक्टरांनाही त्यानं जुनी फिल्म धरून तिन्ही फोटो मोबाईलवर पाठवले. त्यांचं उत्तर आलं की छान, जुनी फिल्म मला आधी दिसली असती तर मीही करा म्हणालो असतो.

"पण हाड आलं कुठनं?" मच्छिंद्रनं डॉक्टर लुबनांना विचारलं. "तुम्ही तर तिथं काय भरलं न्हाई."

हाड सतत मोडत आणि बांधत असतं, त्यांनी सांगितलं, आपल्या सगळ्यांचंच. तिथं जंतू होते म्हणून बांधायचं काम थांबलं होतं. बाहेर दोन माणसं थांबली होती, तरी त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. दात मागच्या भोकातून आतून पांढराही करता येईल, असंही त्या म्हणाल्या. प्रतिभाला तसं हवं होतं. मच्छिंद्र म्हणाला, ते बघू, अजून ठरलं नाही.

निघताना त्याचं लक्ष त्यांच्या चष्म्याकडे गेलं. दोन्ही काचांवर लहान दुर्बिणींसारख्या नळ्या बसवलेल्या होत्या. यातून किती मोठं दिसतं, असं त्यानं विचारलं. डॉक्टरांनी चष्मा काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो डोळ्यांना लावला आणि बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून आपला अंगठा पुढे धरला. तारेनं कापून कापून पडलेल्या बारीक रेषा शेतातल्या सऱ्यांसारख्या दिसत होत्या. बाहेरच्या माणसांना त्याच्यामुळे आणखी थोडं थांबावं लागलं.